मुलांच्या रक्षणाचा भार कोणी वाहायचा?

(चंदगड येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

चंदगड तालुक्याची गणना अजूनही दूरच्या, डोंगराळ आणि पावसाळी मुलखात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तेवढे वेगळे काढून कोल्हापूरला जोडण्यात आले. एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला घाट उतरून कोकण आणि गोवा. भात, नाचणी, काजू आणि ऊस यांवर सगळ्यांचे पोट भरत नाही; म्हणून इथला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण पोटासाठी बाहेर पडणे थांबले नाही. मुंबईच्या जोडीला पुणे, बेळगाव आणि गोवा आले, इतकेच. मागे राहिली ती घरातील बायामाणसे, म्हातारे आणि मुले.

अशा मुलखात आज जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्या मुलांच्या थेट तळहातावर येऊन बसल्या आहेत. ज्या वाडीत एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा पोचते, त्या वाडीत इन्स्टाग्राम चोवीस तास उघडे असते. हे आक्रमण कोणी चोरून केले नाही. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवरून मिळेल असे सांगण्यात आले. तोवर ज्या घरात फोन नव्हता त्या घराने उसनवारी करून तो आणला आणि मुलाच्या हाती दिला. मुलाने शिकावे हीच त्यामागची इच्छा होती. शाळा पुन्हा सुरू झाल्या. फोन मात्र मुलाच्या हातातच राहिला.

त्याचा परिणाम काय झाला याचे एक माप उपलब्ध आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केला असे सुमारे ५७ टक्क्यांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी केला असे सुमारे ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला अडवावे कसे किंवा त्याची तक्रार करावी कशी, हे सुमारे ६२ टक्क्यांनाच ठाऊक होते. म्हणजे दहांतील जवळजवळ चार मुले दाराला कडी कशी लावायची हे न शिकताच त्या बाजारात उतरली आहेत.

तेव्हा प्रश्न असा आहे की या मुलांच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची? आईबाप म्हणतात, सरकारने बंदी घालावी. सरकार म्हणते, पालकांनी लक्ष ठेवावे. कंपन्या म्हणतात, आम्ही नियम केलेले आहेत, ते मुलेच मोडतात. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि मधल्या मोकळ्या जागेत मूल एकटे उभे राहते. जबाबदारीची ही वाटणी कोणत्या तत्त्वावर व्हावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

धोका एक नव्हे, चार

या चर्चेत ‘मोबाइलने पिढी बिघडली’ असे एक सरसकट वाक्य वापरले जाते. त्याने निदान होत नाही आणि उपायही सुचत नाही. धोके वेगवेगळे आहेत व त्यांचे कर्तेही वेगवेगळे आहेत.

पहिला धोका अनोळखी माणसाचा. खोट्या नावाने मैत्री करायची, विश्वास मिळवायचा, एखादे छायाचित्र मिळवायचे आणि मग ते सर्वांना दाखवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे उकळायची. हे आजचे नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत एका सोळा वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन खून झाला, तेव्हा ‘ऑर्कुट’वरील ओळखीची चर्चा महाराष्ट्रभर झाली होती. पुढे २०१२ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडले. त्या प्रकरणाने विचारलेला प्रश्न मात्र बंद झाला नाही. आता तर छायाचित्र मिळवण्याचीही गरज उरलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातील साध्या फोटोवरून यंत्राच्या साहाय्याने अश्लील चित्र बनवता येते.

दुसरा धोका त्या माध्यमाच्या रचनेचाच आहे. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी सुरू होते, किती जणांनी पसंती दिली याचा आकडा डोळ्यांपुढे नाचतो, रात्री अकराला सूचनेची घंटी वाजते. हे सारे योगायोगाने घडत नाही. माणूस जितका वेळ थांबेल तितकी जाहिरात विकली जाते, म्हणून ते तसे घडवलेले असते.

तिसरा धोका द्वेषाच्या राजकारणाचा. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात जे घडले ते या जिल्ह्याने विसरता कामा नये. व्हॉट्सॲपवरच्या काही स्टेटसवरून शहरात तणाव निर्माण झाला, ७ जूनला बंदची हाक देण्यात आली, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या स्टेटसच्या प्रकरणी पोलिसांनी ज्यांना ताब्यात घेतले त्यांत अल्पवयीन मुले होती. राजर्षी शाहूंच्या नगरीत दोन समाज समोरासमोर उभे करण्यास कोवळ्या मुलांचा फोन पुरतो, हे त्या दिवशी दिसले. मूल इथे वापरले गेले. ते वापरणारे हात प्रौढांचे होते, आणि जमावात उतरलेले हातही प्रौढांचेच होते.

चौथा धोका दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही होत नाही. मुलाचे वय, गाव, आवड, दुःख, झोपेची वेळ या साऱ्याची नोंद होते आणि ती नोंद जाहिरातदारासाठी कच्चा माल बनते. उसाच्या कांडीला कारखान्याच्या काट्यावर निदान वजन तरी मिळते. मुलाच्या लक्षाला तेवढेही मोल मिळत नाही.

घराची जबाबदारी आणि तिची मर्यादा

आईबापांची जबाबदारी पहिली आहे यात शंका नाही. परंतु पहिली म्हणजे एकमेव नव्हे. ज्याचे वडील गोव्यात हॉटेलात राबतात आणि आई दिवसभर काजूच्या बागेत किंवा उसाच्या फडात असते, त्या मुलावर पाळत कोणी ठेवायची? आजीने? त्या आजीला फोनवर मुलाचा चेहरा कसा पाहायचा हे नातवानेच शिकवलेले असते. अशा घरात ‘पालकांची संमती’ मागितली, तर ती संमती देणारे बोटही नातवाचेच असणार. पालकांवर सर्व भार टाकणारा उपदेश दिसायला नैतिक असतो. प्रत्यक्षात तो वर्गीय असतो. ज्या घरी शिकलेला, मोकळा वेळ असलेला माणूस आहे तेथेच तो पाळला जाऊ शकतो.

तेरा वर्षांच्या अटीचेही तसेच आहे. बहुतेक माध्यमांवर खाते उघडण्यास तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात. हे वय बालमानसशास्त्राने ठरवले असावे असा समज आहे. वस्तुतः त्याचा उगम अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या परवानगीवाचून गोळा करू नये, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे होते. ती परवानगी घेण्याचा खटाटोप टाळण्यासाठी कंपन्यांनी तेरा वर्षांची पाटी लावली. जन्मसाल कोणते लिहिले हे मात्र वर्षानुवर्षे कोणी तपासले नाही. कुलूप नसलेल्या दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावायची आणि मूल आत शिरले की त्यालाच खोटारडे ठरवायचे, अशी ही व्यवस्था होती.

घराने जे करायचे आहे ते पाळतीहून वेगळे आणि अधिक अवघड आहे. धमकी देणाऱ्याचे सर्वांत मोठे भांडवल ते छायाचित्र नसून घरी कळले तर काय होईल ही मुलाच्या मनातील भीती हे असते. जेथे पहिली प्रतिक्रिया थप्पड असते, जेथे मुलीची शाळा सोडवून तिचे लग्न उरकण्याची भाषा होते, तेथे मूल गप्प राहते आणि गुन्हेगार निर्धास्त होतो. ‘काहीही झाले तरी आधी घरी सांग, तुला कोणी मारणार नाही’ हा शब्द मुलाला आधीच मिळालेला असणे, हे अल्पशिक्षित आईलाही करता येण्याजोगे आणि कोणत्याही यंत्रणेहून मोलाचे रक्षण आहे.

कंपन्यांचे दायित्व

कंपन्यांना परिणामांची कल्पना नव्हती असे म्हणण्यास आता जागा नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी स्त्रीने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींपैकी काहींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड वाढतो, असे कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवून ठेवल्याचे त्यांतून दिसले. ब्रिटनमध्ये २०१७ साली चौदा वर्षांच्या एका मुलीने जीवन संपवले. २०२२ मध्ये त्या प्रकरणाच्या चौकशीत मृत्युसमीक्षकाने स्पष्ट नोंदवले की तिने समाजमाध्यमांवर पाहिलेल्या मजकुराचा तिच्या मृत्यूशी संबंध होता. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटसमोर मार्क झुकेरबर्ग यांना पीडित मुलांच्या आईबापांकडे वळून खेद व्यक्त करावा लागला. खेदाने आईबापांचे सांत्वन होईल किंवा न होईल. त्याने यंत्राची रचना बदलत नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी कामगार चळवळीने फार पूर्वीच दिलेली आहे. गेल्या शतकाच्याही आधी मुंबईच्या गिरण्यांत लहान मुले काम करीत. त्यांना गिरणीच्या दारापर्यंत आणून सोडणारे हात पुष्कळदा गरिबीने पिचलेल्या आईबापांचेच असत. तरीही १८८१ च्या कारखाना कायद्याने बंधन घातले ते कारखानदारावर: सात वर्षांखालील मूल कामावर घ्यायचे नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण घालायचे. तो कायदा अपुरा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेऊन गाऱ्हाणी मांडली. १८९१ मध्ये वयाची अट नऊ वर्षांवर गेली. अपुऱ्या कायद्यामागचे तत्त्व मात्र पुरेसे स्पष्ट होते: यंत्र ज्याचे, नफा ज्याचा, कुंपण घालण्याचे कर्तव्यही त्याचे. मुलाने हात जपून ठेवावा असा उपदेश करून कोणत्याही गिरणीमालकाला सुटता येऊ नये.

आजच्या यंत्राला कुंपण घालणे म्हणजे काय? मुलाच्या खात्याशी अनोळखी प्रौढाला बोलता येऊ नये, हे आपोआप लागू असावे. त्यासाठी मुलाला दहा कळा दाबाव्या लागू नयेत. अखंड सरकणारी चित्रमालिका मुलासाठी थांबावी. रात्रीच्या सूचना बंद असाव्यात. तक्रार मराठीत करता यावी आणि ती वाचणारा माणूस मराठी जाणणारा असावा. कोल्हापुरी किंवा चंदगडी बोलीतील धमकी अमेरिकेत घडवलेल्या यंत्राला शिवीसुद्धा वाटणार नाही. या देशातून महसूल घ्यायचा आणि इथल्या भाषांसाठी माणसे नेमताना हात आखडता घ्यायचा, हे चालू देता येणार नाही.

राज्यसंस्थेचे काम

कायदे नाहीत अशी स्थिती नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब बालकांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठवणे, शोधणे वा साठवणे हा गुन्हा मानते. पहिल्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याचे कलम ११ मुलाशी इलेक्ट्रॉनिक साधनाने वारंवार लैंगिक हेतूने संपर्क साधणे आणि खरे वा बनावट चित्र दाखवण्याची धमकी देणे हा लैंगिक छळ ठरवते. असे चित्रण जाणूनबुजून बाळगणे व पाहणेही गुन्ह्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले.

कंपन्यांच्या बाबतीत मात्र कायद्याचा हात सैल आहे. कलम ७९ नुसार दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ कंपनी सहसा जबाबदार नसते. तिने ठरवून दिलेली काळजी घेतली की पुरे. पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमण्याची सक्ती केली, पण मजकूर काढण्याची सक्ती आणि रचना बदलण्याची सक्ती यांत अंतर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते थोडे कमी केले. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास त्याच्या कलम ९ ने मनाई केली. या कर्तव्यांच्या भंगास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. परंतु नियम निघण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडले आणि मुख्य कर्तव्यांसाठी कंपन्यांना तेथून अठरा महिन्यांची सवड देण्यात आली. पुन्हा त्याच कलमाने मुलाच्या खात्यासाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. संमतीचे काय होते ते वर सांगितलेच आहे.

ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग घेतला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संमत झालेला तेथील कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू देऊ नये, हे कर्तव्य त्याने कंपन्यांवर टाकले. कसूर झाल्यास सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे, आणि मुलाला किंवा पालकाला कसलीही शिक्षा नाही. सोळा हे वय योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. जबाबदारीची दिशा मात्र योग्य आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. मुलांच्या नावाने राज्यसंस्थेच्या हाती दिलेले हत्यार मुलांपुरतेच वापरले जाईल अशी खात्री लोकशाहीवाद्याने कधीही धरू नये. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती. ज्या कलम ६६-अ चा त्या वेळी आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. वय तपासण्याच्या निमित्ताने प्रत्येक नागरिकाने आपले ओळखपत्र कंपनीपुढे ठेवावे अशी व्यवस्था आली, तर मालकाविरुद्ध बोलणारा कामगार आणि अत्याचाराविरुद्ध बोलणारी स्त्री यांचा निनावीपणाचा आडोसा जाईल. म्हणून मागणी करायची ती रचनेच्या नियंत्रणाची. नागरिकाच्या मतावर नजर ठेवण्याची नव्हे.

दुसऱ्या टोकाला ‘घरातल्या गोष्टीत सरकार कशाला’ असे म्हणणारे आहेत. हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले, तेव्हा परकीय सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका होती. समाज आपण होऊन सुधारेपर्यंत मुलींनी सोसत राहावे हे आगरकरांना मान्य नव्हते. मुलाचा हक्क आणि घराची सत्ता यांत विरोध आला तर मुलाच्या बाजूने उभे राहायचे, हा त्या वादातून मिळालेला धडा आहे.

गावाने काय करावे

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक प्रयोग सुरू केला. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास गाव फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल बंदी करणारा ठराव केला. या दोन मार्गांत मूलभूत फरक आहे. वडगावात फोन मोठ्यांनीही बंद ठेवायचा आहे. नियम सर्वांना एक आहे, म्हणून मूल त्याला शिक्षा मानत नाही. केवळ मुलांवरची बंदी मात्र गावच्या उतरंडीप्रमाणे खाली घसरते, आणि ती सर्वांत आधी पोचते मुलींपर्यंत. मुलगा लपवून फोन वापरतो. मुलीचा फोन जातो, मागोमाग क्लास जातो, मग शाळा जाते.

काही कार्यकर्ते म्हणतात, उसाचा दर, पाण्याचा वाटा, रोजगार हमी हे प्रश्न असताना हा शहरी मध्यमवर्गाचा प्रश्न कशाला घ्यायचा? या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ज्या मुलाचे वडील शेजारी नाहीत, ज्याच्या शाळेत समुपदेशक नाही, ज्याच्या गावात वाचनालय नाही, त्याच मुलाजवळ फोनखेरीज दुसरा सोबती नसतो. सधन घरातील मुलाला पोहण्याचा वर्ग आहे, सहल आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहे. म्हणजे इजा गरिबाला अधिक आणि उपचार श्रीमंताला अधिक. हा समतेचा प्रश्न नव्हे तर काय?

तथापि फोनला शत्रू मानणेही चूक ठरेल. याच फोनवरून वाडीतली मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, दूरच्या वडिलांशी बोलते, जगातील चांगले ते पाहते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. त्या संहितेत रक्षणाचा हक्क आहे तसा माहिती मिळवण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचाही हक्क आहे. मुलांसाठी नियम करताना मुलांनाच विचारले पाहिजे, हे त्यातच आले.

कार्यकर्त्यांसाठी काही कामे

तत्त्व एका वाक्यात सांगता येते: ज्याच्या हाती जितकी सत्ता, त्याच्या शिरी तितकी जबाबदारी. सर्वाधिक कंपनीवर, मग राज्यसंस्थेवर, मग शाळा व गावावर, मग घरावर. आणि सर्वांत कमी मुलावर. आज व्यवहारात हा क्रम नेमका उलटा आहे. तो सुलटा करण्यासाठी तालुक्यात करण्याजोगी कामे आहेत.

पहिले, कागदावरच्या समित्या जिवंत करणे. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती आणि प्रत्येक शाळेत ‘सखी सावित्री’ समिती असावी असे शासनाचेच आदेश आहेत. त्यांच्या बैठका होतात का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

दुसरे, अंतर कमी करण्याची मागणी. जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे कोल्हापुरात आहे, म्हणजे चंदगडपासून शंभर किलोमीटरांहून अधिक. रोजंदारी बुडवून, भाडे खर्चून कोणती आई तेथवर जाईल? तालुक्याच्या पोलीस ठाण्यात या कामाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, शक्यतो महिला, असलीच पाहिजे. गुन्हेगार बेळगावचा की गोव्याचा हा वादही ऐकून घेऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवायची आहे. सीमाभागासाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे.

तिसरे, प्रसंग आल्यास काय करायचे हे प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत असावे. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. संदेश, खात्याचे नाव, दिवस आणि वेळ जपून ठेवावी. ते छायाचित्र मात्र ‘पुरावा’ म्हणूनही कोणाला पुढे पाठवू नये, कारण पाठवणे हाच गुन्हा आहे. बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ या विनामूल्य सेवेत अल्पवयीन व्यक्तीला आपले चित्र कोणालाही न पाठवता त्याचा सांकेतिक ठसा नोंदवता येतो, आणि सहभागी माध्यमे तो पाहून चित्र हटवू शकतात. ‘पोक्सो’च्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, गावात बसून ‘मिटवून टाकणे’ हा मोठेपणा नसून अपराध आहे. मुलाचे नाव कोणत्याही सभेत, पत्रकात वा गटात येता कामा नये.

चौथे, स्वतःचे वर्तन. मोर्चात आलेल्या मुलांची छायाचित्रे त्यांच्या पालकांना न विचारता सर्वत्र पसरवणारा कार्यकर्ता, किंवा खात्री न करता भडक संदेश पुढे ढकलणारा कार्यकर्ता, कंपन्यांना धडे देण्याचा अधिकार गमावतो. राजकीय गटांत अल्पवयीन मुले घेऊ नयेत, हा नियम प्रत्येक पक्षाने करावा. इतरांची वाट न पाहता तो इथून सुरू व्हावा.

पाचवे, रिकाम्या वेळेला पर्याय. सात वाजता भोंगा वाजवणे सोपे आहे. भोंग्यानंतरच्या दीड तासात मुलांना काय मिळते यावर प्रयोगाचे यश ठरते. रणजित देसाईंचे कोवाड याच तालुक्यात आहे. ज्या मातीत मराठीचा एवढा मोठा कादंबरीकार वावरला तेथे गावोगावी मुलांसाठी उघडे वाचनालय, खेळाचे मैदान आणि संध्याकाळचा अभ्यासवर्ग असणे ही चैन मानली जाऊ नये. ग्रामपंचायतीच्या निधीतून हे मागावे आणि श्रमदानाने उभारावे.

मित्रहो, कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. हा दंड सर्वांना आठवतो. त्याआधीची पायरी मात्र विसरली जाते: आधी राज्याने खेड्यात शाळा काढण्याची, शिक्षक नेमण्याची आणि फी माफ करण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि मगच पालकाला जाब विचारला. आज पालकांना जाब विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना एकच प्रश्न विचारायचा आहे: यंत्राला कुंपण घातले का, ठाण्यात माणूस नेमला का, गावात वाचनालय उघडले का? या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तेव्हा चंदगडच्या आजीला खुशाल दोष द्यावा. तोवर दोष वरच्यांचा आहे, आणि तो वर पोचवणे हे चळवळीचे काम आहे.